आखूड गुणसूत्र, महागडी गोळी

‘माणसागणिक औषध’ या कल्पनेचा उगम एका आखूड गुणसूत्रात सापडतो. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना ते एका दीर्घकालीन रक्तकर्करोगाच्या पेशींत दिसले. ते आखूड का, याचे उत्तर १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दिले: नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते.

या अदलाबदलीतून ‘बीसीआर-एबीएल’ हे जोडजनुक तयार होते. त्याचे विकर पेशींना वाढीचा हुकूम देतच राहते. नळाची चावी उघडीच राहावी, तसे. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब नेमके तेच विकर अडवते. म्हणून गोळीआधी जनुकचाचणी. पुढेही रक्त तपासत राहावे लागते, कारण जोडजनुकात आणखी बदल झाला तर गोळी निकामी ठरू शकते.

हा दोष आईबापांकडून येत नाही, मुलांकडे जात नाही. ‘जनुकीय’ म्हटले की आपल्याकडे लगेच लेकीच्या लग्नाची चिंता सुरू होते, म्हणून हे सांगायचे.

गोळी मात्र रोज घ्यायची, बहुधा वर्षानुवर्षे. नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेकला भारतात महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये लागत. भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८-१० हजारांत मिळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसची पेटंटची मागणी फेटाळली आणि स्वस्त गोळी दुकानात राहिली. प्रयोगशाळेतल्या शोधाइतकाच हा निकालही या औषधाच्या इतिहासाचा भाग आहे.