समुद्रापासून दूरची गोदी

उत्तर जर्मनीतलं पापेनबुर्ग हे दलदलीत वसलेलं गाव. पीट वाहून नेण्यासाठी पूर्वी खणलेले कालवे अजून गावभर आहेत. समुद्र मात्र नाही. एम्स नदीने सुमारे ३६ किलोमीटर गेल्यावर डोलार्टची खाडी लागते. तरी इथल्या मायर वेर्फ्ट या गोदीत तीनशे मीटरहून लांब क्रूझ जहाजं बांधतात आणि तीही छपराखाली. मोठी शेड ५०४ मीटर लांब, १२५ मीटर रुंद आणि ७५ मीटर उंच आहे. बाहेर बर्फ पडो की पाऊस, आतलं काम थांबत नाही.

पर्यटकांना काचेच्या गॅलरीतून हे काम पाहता येतं. आलिशान म्हणावं असं तिथून काहीच दिसत नाही, आणि माझ्या मते पाहण्यासारखं तेच आहे. गालिचे आणि झुंबरं प्रवाशांना पुढे दिसणारच आहेत. इथे दिसतात गंजरंगी पोलाद, केबलींचे जुडगे, वेल्डिंगच्या ठिणग्या.

जहाज तळापासून एकेक मजला चढत नाही. पत्रे जोडून सपाट भाग करतात, त्यांतून कित्येक मजली ब्लॉक उभे राहतात. पुष्कळसे भाग आधी उलटे बांधतात. छताला लागणारे नळ आणि केबली मग वाकून बसवता येतात, हात डोक्यावर धरून तासन्‌तास वेल्डिंग करावं लागत नाही. त्यानंतर भाग सुलटा करायचा. ८०० टन पेलणारी क्रेन तयार ब्लॉक जागेवर आणते. पहिल्या ब्लॉकखाली नाणं ठेवायची प्रथा आजही पाळली जाते. केबिनही कारखान्यातून न्हाणीघर, कपाट, दिव्यांसकट तयार येतात. जहाजाच्या उघड्या कुशीतून त्या आत सरकवायच्या आणि वीज-पाणी जोडायचं.

सुटे भाग जोडण्याची ही विद्या इथे जुनी आहे. १७९५ साली लाकडी जहाजांपासून सुरू झालेल्या या गोदीने १९१३ मध्ये बांधलेलं ‘ग्योत्झन’ हे जहाज सुटं करून, हजारो पेट्यांत भरून पूर्व आफ्रिकेत टांगानिका सरोवराकडे रवाना करण्यात आलं. पुढे ‘लिएम्बा’ या नावाने त्याने तिथे कित्येक दशकं प्रवासी वाहिले. २०१८ साली याच गोदीतून बाहेर पडलेलं ‘आयडानोव्हा’ हे पूर्णपणे द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालू शकणारं पहिलं क्रूझ जहाज.

बांधकाम चालू असताना जहाजाचं पोटही उघडं असतं. धुलाईघरं, शीतगृहं, अरुंद जिने, कर्मचाऱ्यांच्या बिनखिडकीच्या खोल्या. गोव्यात, कोकणात ‘मुलगा बोटीवर असतो’ असं सांगणाऱ्या घरांतली कितीतरी माणसं क्रूझ जहाजांच्या अशाच भागात महिनोन्‌महिने राहतात. प्रवाशांना विकल्या जाणाऱ्या चित्रांत हा भाग येत नाही.

जहाज पुरं झालं की खरी कसोटी. टग लावून ते नदीतून उलटं, पिछाडी पुढे करून नेतात, कारण असं ते वळणांवर जास्त ताब्यात राहतं. पाणी पुरावं म्हणून गांडरसुम इथला बांध बंद करून नदी फुगवतात. २००२ पासून वापरात असलेला हा बांध वादळी भरतीही अडवतो. काठावर हजारो लोक जमतात.

पण याची किंमत एम्सने मोजली आहे. पात्र वारंवार खोल केल्याने भरतीचा जोर ओहोटीपेक्षा वाढला, गाळ वर चढू लागला आणि उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू इतका घटतो की माशांना जगणं अवघड होतं. २०१५ मध्ये सरकार, गोदी आणि पर्यावरण संघटनांनी २०५० पर्यंतचा आराखडा मान्य केला. हाच बांध वापरून गाळ रोखणं हा त्यातला मोठा भाग आहे.

महासाथीआधी ठरलेल्या किमती आणि नंतर महागलेला माल यांत गोदी बुडायला आली, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र आणि राज्य सरकारने मिळून तिचे सुमारे ८० टक्के समभाग घेतले. हजारोंची रोजी वाचली, ते योग्यच झालं. आता गोदीचा मोठा मालक सरकारच आहे. नव्या जहाजांच्या मागण्यांइतक्याच नेटाने त्याने एम्सचा आराखडाही पुढे रेटायला हवा.