स्कोशियाचे धुमारे

चिमे, तुझ्या मामाचं गाव कुठलं? वडगाव. कुठलं वडगाव? बघ, आपल्याकडे वडगावं इतकी, की पुढे बुद्रुक, खुर्द, मावळ असं शेपूट लावल्याशिवाय पत्र पोचायचं नाही.

हीच अडचण अमेरिकेत, उत्तर कॅलिफोर्नियात, ईल नदीकाठच्या एका वस्तीला आली. लाकूडतोड्यांची वस्ती ती. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, ओंडके कापायची गिरणीही कंपनीचीच. नाव फॉरेस्टव्हिल, आपलं रानवाडीच म्हण ना! 1888 साली तिथं टपाल कचेरी उघडायची ठरली, तर या नावाचं गाव कॅलिफोर्नियात आधीच होतं. आता? गिरणीतले पुष्कळ कामगार कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियातून आलेले. नाणं उडवून कौल घेतला असं सांगतात. खरंखोटं त्या नाण्यालाच ठाऊक. गाव झालं स्कोशिया.

पण एवढी माणसं अख्खा खंड ओलांडून आली कशासाठी? रेडवूडसाठी! बी टोमॅटोच्या बीएवढं आणि झाड जगात सगळ्यात उंच. 2006 साली एक सापडलं, हायपेरियन नाव त्याचं. उंची 115 मीटरच्या वर. एका कुतुबमिनारावर आणखी अर्धा ठेवलास, तरी शेंडा वरच राहील. साल फूटभर जाड. बाभळीच्या सालीत असतं ना, कातडं कमावायचं टॅनिन, ते हिच्यातही भरपूर. म्हणून कीड फिरकत नाही आणि लहानसहान वणवा झाडाला चाटून जातो, इतकंच.

पाण्याची तऱ्हा तर आणखी न्यारी. तिकडे उन्हाळा कोरडा, पावसाचा थेंब नाही. पण समुद्रावरून धुकं येतं. पानं ते अडवतात, थोडं स्वतः पितात, उरलेलं टपटप मुळांशी पडतं. मुळं मात्र खोल नाहीत हं, दोन-तीन मीटरच. पण आडवी लांबवर पसरून शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. वादळात उभं राहायचं ते एकमेकांच्या आधारानं.

"मग तोडलं की संपलंच?"

अगं, तिथंच तर गंमत आहे. तोडलेल्या सागाला धुमारे फुटतात, तसे यालाही फुटतात. बुंध्याशी गाठी असतात, त्यांत कोंब झोपलेले. वरचं झाड पडलं की ते जागे होतात. शेकडो वर्षांनी जुना बुंधा कुजून जातो आणि रानात झाडांचं एक कडं उरतं, मधे नुसती मोकळी जागा. पण म्हणून कुऱ्हाडीला माफी नाही हो! जुन्या रानातलं शंभरात जेमतेम पाच हिस्से उरलंय. ती कंपनीसुद्धा 2007 साली दिवाळखोरीत निघाली.

आता नावाकडे ये. नोव्हा स्कोशिया म्हणजे लॅटिनमध्ये नवं स्कॉटलंड; 1621 साली ठेवलेलं नाव. म्हणजे आधी स्कॉटलंड स्कोशिया होतं. आणि त्याच्याही आधी? तेव्हा स्कोशिया म्हणत आयर्लंडला! तिथले स्कॉटी लोक समुद्र ओलांडून गेले, नाव त्यांच्यामागून गेलं. आज आयर्लंडला कोणी स्कोशिया म्हणत नाही.

"म्हणजे आजोबा, मधला बुंधा कुजला!"