केशरोपण : जाहिरातीत न सांगितलेला हिशोब

मार्च २०१९ मध्ये चिंचपोकळी येथील एका खासगी दवाखान्यात ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाने एकाच वेळी सुमारे ९,५०० ग्राफ्टचे केशरोपण करून घेतले. दोन दिवसांतच त्यांचे निधन झाले. तीव्र ॲलर्जीचा संशय डॉक्टरांनी व्यक्त केला होता.

केशलोचाला तप मानणाऱ्या समाजातही लग्नाच्या मुलाच्या विरळ केसांची चिंता घरोघरी असते. त्यात गैर काही नाही. मात्र आरंभ औषधाने व्हावा. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबावरील औषध. टाळूला नियमित लावल्यास चार-सहा महिन्यांत गुण दिसू शकतो, सोडल्यास तो ओसरतो. पुरुषांसाठीच्या फिनास्टेराइड गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात.

शस्त्रक्रियेत नवे केस निर्माण होत नाहीत; डोक्यामागचे केस पुढे आणून रोवतात. हे मुद्दल मर्यादित असते. शिवाय टाळूवरचे मूळचे केस पुढेही गळू शकतात, त्यामुळे औषध बहुधा सुटत नाही. जाहिरातीत हे क्वचितच असते.

कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून ही शस्त्रक्रिया करणे पुरेसे नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये बजावले. डॉक्टर प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ वा प्लास्टिक सर्जन आहे का, हे विचारण्यात संकोच कसला? त्याआधी थायरॉईड व लोहाची तपासणी करावी. परळच्या केईएम रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे.