दात, नखं आणि मोकळा ससा

घरात ससा मोकळा ठेवतो असं सांगितलं की लोक आधी विचारतात, "घाण करत नाही का?" आधी विचारायला हवं ते वायरींबद्दल. इंदूरच्या आमच्या घरात बंड्या नावाचा करडा ससा दिवसभर हिंडतो. त्याने कुरतडलेली चार्जरची वायर बघण्यासारखी असते. चघळल्याच्या खुणा नाहीत, चोथा नाही, कात्रीने कापावा तसा तिरका, स्वच्छ छेद. हे व्हायला एक क्षण पुरतो. म्हणून आमच्याकडे जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत एकही उघडी वायर नाही. सगळ्या प्लास्टिकच्या नळीत नाहीतर कपाटामागे.

खोड्यांचं मूळ दातांत आहे. सशाला २८ दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात; पुढचे तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. वरच्या पुढच्या दातांमागे आणखी एक इवली जोडी लपलेली असते. उंदीर-खारींना ती नसते. १९१२ मध्ये सशांना कृंतकांपासून वेगळा गण मिळाला, त्यामागे दातांची ही रचनाही होती. हे दात झिजायला तासन्‌तास रवंथासारखं चावणं लागतं आणि ते काम सुकं गवतच करतं. ज्या सशापुढे चोवीस तास गवत असतं, तो सोफ्याचे पाय बरेच कमी कुरतडतो. माझ्या मते सशाचं शिक्षण इथूनच सुरू होतं, ताटातून.

आहारात मोठा वाटा सुक्या गवताचाच हवा. परदेशी टिमथी गवत ऑनलाइन मिळतं, पण जईचं वाळलेलं गवत आणि स्वच्छ धुतलेल्या दूर्वाही त्याला उत्तम. लसूणघास मात्र वाढत्या पिलांपुरती ठेवावी. तिच्यात कॅल्शियम फार, आणि मोठ्या सशाला त्यातून मूत्राशयाचा त्रास होऊ शकतो. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला रोज थोडा चालतो. गाजर म्हणजे त्याची मिठाई, एखादी चकती पुरे. आपल्या शहरात पाहुण्यापुढे पोहे येतात, पोह्यांवर सेव आणि जिरावण पडतं, आणि कौतुकाने एक घास सशाकडे जातो. तो हात तिथेच थांबवा. पिठूळ, खारट खाण्याने त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंचा तोल जातो, आणि सशाला उलटी करताच येत नाही.

घाणीचा प्रश्न त्या मानाने सोपा. ससा स्वतःच एक कोपरा निवडतो. ट्रे आपल्या सोयीच्या जागी न ठेवता त्या कोपऱ्यात ठेवायचा. तळाशी वर्तमानपत्र, त्यावर लाकडी पेलेट्स, ट्रेच्या एका टोकाला गवताचा भारा, कारण ससा खाता खाता लेंड्या टाकतो. बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून ट्रेतच टाकल्या की वासावरून त्याला कळतं. वयात आल्यावर तो भिंतींवर शू उडवायला लागला तर ती हट्टापायी केलेली खोडी नसते, हद्द आखणं असतं. त्यावर उपाय नसबंदीचा: नराची साधारण चार-पाच महिन्यांनंतर, मादीची पाच-सहा महिन्यांनंतर. मादीच्या बाबतीत तर ती टाळूच नये. नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये उतारवयात गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो.

डॉक्टर मात्र पारखून घ्या. सशाला भूल देण्याचा अनुभव आहे का, हे सरळ विचारावं. कुत्र्या-मांजरासारखं शस्त्रक्रियेआधी त्याला उपाशी ठेवत नाहीत, आणि तोंडावाटे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन त्याच्या जिवावर बेतू शकतं. इंदूरजवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आपली मोठी सोय.

रागावण्याबद्दल मला ठामपणे सांगायचं आहे: सशाला ओरडू नका, मारू तर मुळीच नका. तो शिकार होणारा प्राणी आहे. आवाज चढला की त्याला खोडी आणि शिक्षा यांचा संबंध कळत नाही, फक्त धोका कळतो. मागच्या पायाने तो जमिनीवर धप्‌ आपटतो आणि दिवसभर पलंगाखाली बसतो. त्याला आमिष कळतं. कोथिंबिरीची काडी हातात धरून नाव घेत राहिलं की काही दिवसांत तो नावाला धावत येतो. फक्त काडी नाकासमोर धरू नका. दोन्ही बाजूंचं जवळजवळ सगळं दिसणाऱ्या या जनावराला नेमकं नाकापुढचं दिसत नाही. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकापासून सशांच्या अडथळा-शर्यती होतात, त्याही अशाच खाऊच्या आणि सवयीच्या जोरावर.

ससा पिंजऱ्याबाहेर, माणसांत राहू शकतो हा विचार पसरवण्यात कॅलिफोर्नियाच्या मॅरिनेल हॅरिमन यांच्या १९८५ च्या पुस्तकाचा मोठा हात आहे. तो उकरणार हे धरूनच घर लावायचं: फाडलेल्या कागदांनी भरलेला पुठ्ठ्याचा खोका दिला की गादी वाचते. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या हव्यात. त्याच्या तळपायांना गाद्या नसतात, नुसती लव असते. आणि मालव्यातल्या शेतांत दिसणारा रानससा हा वेगळा प्राणी. तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याला घरी आणू नये.

आपल्याकडचा खरा शत्रू मे महिना. पारा चाळिशी ओलांडतो आणि सशाला तिशीच जड जाते. त्याला घाम येत नाही, उष्णता कानांवाटे बाहेर पडते. मालव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर छान चालतो, पण खिडकी उघडी हवी. बंड्या दुपारभर कोटा फरशीवर पाय ताणून पडलेला असतो. तेवढ्यापुरती सतरंजी गुंडाळून ठेवतो. तोंड उघडून श्वास घेऊ लागला तर साध्या पाण्याने कान पुसत लगेच दवाखाना गाठायचा. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही.

आता दिवाळी. फटाके सुरू होण्याआधी त्याला आतल्या खोलीत न्या, खिडक्या लावा, पंखा चालू ठेवा, दोन तोंडांचा खोका आणि भरपूर गवत द्या. रात्री आणि सकाळी लेंड्या बघा. घाबरलेला ससा खाणं सोडतो आणि त्याचं आतडं थांबतं. दहा-बारा तास खाणं नाही, लेंड्या नाहीत, तर वाट बघत बसू नका. लक्ष्मीपूजनाला बरेच दवाखाने बंद असतात. कोणता उघडा राहणार आहे, ते आदल्याच दिवशी विचारून ठेवा.