एम-वन: सहा म्हणजे काय सहा?

फर्स्ट इयरच्या कुठल्याही मुलाला विचारा, एक्सच्या वर्गाचा डेरिव्हेटिव्ह किती? झोपेतून उठवून विचारलंत तरी 'टू एक्स' हेच उत्तर येईल. एक्स ३ असताना किती? सहा. आता तिसरा प्रश्न विचारा: सहा म्हणजे काय सहा? इथे बहुतेक वेळा शांतता पसरते.

यात मुलांचा फारसा दोष नाही. बारावीत सीईटीची तयारी करताना डेरिव्हेटिव्ह म्हणजे सूत्रांचा तक्ता असतो. चारातला बरोबर पर्याय निवडायचा आणि पुढे जायचं. मग इंजिनिअरिंगला एम-वन (काही ठिकाणी मॅथ्स-वन) समोर येतं आणि सुरुवातीलाच रोल, लग्रांज, कॉशी, टेलर अशी रांग लागते. तक्ता पाठ असूनही काही कळत नाही, तेव्हा 'आपलं मॅथ्स कच्चं आहे' असं मूल स्वतःच ठरवून टाकतं. पुढे कंट्रोल सिस्टिम असो, सिग्नल प्रोसेसिंग असो किंवा मशीन लर्निंग, जिथे जिथे कॅल्क्युलस दिसेल तिथून ते लांब राहतं. खरं तर अडलेलं असतं ते त्या तिसऱ्या प्रश्नाशी. म्हणून आधी तोच सोडवू.

एक्स ३ आहे, वर्ग ९. एक्सला अगदी थोडं ढकला, ३.०१ करा. वर्ग होतो ९.०६०१. आपण ०.०१ ने ढकललं, उत्तर साधारण ०.०६ ने हललं, म्हणजे सहापट. हेच ते सहा. ३ च्या आसपास इनपुट जितकं हलवाल, त्याच्या सुमारे सहापट आउटपुट हलतं. एक्स १० असता तर वीसपट हललं असतं. डेरिव्हेटिव्ह म्हणजे 'इथे, या जागी, किती पट' याचं उत्तर. जागा बदलली की पट बदलते.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त चंद्राच्या गतीचा विचार आहे. चंद्राची गती दिवसभर सारखी राहत नाही, त्यामुळे आजच्या आणि उद्याच्या जागेवरून काढलेली सरासरी नेमक्या क्षणासाठी पुरत नाही. तिथे ते 'तात्कालिक गती' वापरतात. (चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद आहे. जमलं तर बघून या.) याला आजचं अख्खं कॅल्क्युलस म्हणणं ओढूनताणून होईल, पण शब्द मात्र फार नेमका आहे. 'इन्स्टंटेनियस रेट ऑफ चेंज' वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते 'तात्कालिक गती' म्हटलं की शिरतं. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्यांनी विचार मराठीत करून पेपर इंग्रजीत लिहायला काहीच हरकत नाही.

आता लिमिटकडे वळू. पायथनमध्ये हा प्रयोग स्वतः करून बघा. एक्स ३ ठेवा, ढकलण्याच्या आकड्याला एच म्हणा, आणि वर्गात झालेला बदल भागिले एच काढा. एच ०.१ असेल तर ६.१ येतं, ०.००१ असेल तर जवळपास ६.००१. एच जितका लहान, तितके आपण सहाच्या जवळ. मग हाव सुटते आणि आपण दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग १ असा एच देतो. उत्तर येतं चक्क शून्य! कारण कॉम्प्युटरच्या नेहमीच्या दशांश आकड्यात साधारण पंधरा-सोळा अंकच मावतात. त्यात ३ मध्ये इतका बारीक एच मिळवला तरी ३ च राहतात, मग बदल कुठून दिसणार? आणि एच थेट शून्य ठेवलात तर शून्य भागिले शून्य, प्रोग्राम एरर देऊन थांबतो. लिमिट हा या दोन्ही अडचणींवरचा उपाय आहे. एच शून्य झाला असं आपण म्हणतच नाही. एच शून्याकडे नेताना उत्तर कुठल्या आकड्याच्या हवं तितकं जवळ नेता येतं, एवढंच विचारतो. न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकात कॅल्क्युलस उभं केलं, पण ही भाषा नीट बसायला कॉशी आणि वायरश्ट्रास यांचं एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. तेव्हा तुम्हाला ती एका लेक्चरमध्ये समजली नाही तर फार मनावर घेऊ नका.

पट कळली की लग्रांजचं प्रमेय एकदम घरगुती वाटायला लागतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे ९४.५ किलोमीटरचा आहे. समजा एक कार तो ५० मिनिटांत पार करते. सरासरी वेग ताशी ११३.४ किलोमीटर. कारला एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारता येत नाही, आणि वेगही झटक्यात उडी घेत नाही. म्हणजे वाटेत किमान एका क्षणी काटा बरोबर ११३.४ वर असणारच. सपाट भागात कारसाठी मर्यादा १०० ची, घाटात त्याहून कमी. वाटेत एकही कॅमेरा नसला तरी फक्त दोन टोकांच्या वेळांवरून ओव्हरस्पीडिंग सिद्ध होतं. पुस्तकात 'कंटिन्युअस' आणि 'डिफरन्शिएबल' अशा दोन अटी असतात ना, त्या या उडी न मारण्याबद्दलच आहेत.

टेलर सिरीजला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात आणि मला तीच सगळ्यात कामाची वाटते. कॅल्क्युलेटर न वापरता ५० चं वर्गमूळ काढा. ४९ चं ७ आहे. ४९ पाशी वर्गमूळाची पट १ भागिले १४ आहे. आपण एकनेच पुढे जातोय, म्हणून ७ अधिक ०.०७१४, म्हणजे ७.०७१४. खरं उत्तर ७.०७१०६८. दोन ओळींत आपण इतके जवळ आलो! थोडं जास्त आलं, कारण आपण सरळ रेषेत चाललो आणि वक्र मात्र खाली वाकत होता. किती वाकला ते दुसरा डेरिव्हेटिव्ह सांगतो. त्याची दुरुस्ती, म्हणजे ०.०००३६४, वजा केली की ७.०७१०६४. टेलर सिरीज एवढंच करते: आधी सरळ चाला, मग वाकण्याची दुरुस्ती करा, मग त्या दुरुस्तीची दुरुस्ती. फॅक्टोरियल बघून बिचकायचं कारण नाही.

चेन रूलसाठी स्कूटर घ्या. वेग ताशी ४० किलोमीटर, एका किलोमीटरला एक पन्नासांश लिटर पेट्रोल, लिटर १०० रुपये धरू. तासाला खर्च किती? ४० भागिले ५० गुणिले १००, म्हणजे ८० रुपये. एकामागून एक जोडलेल्या पटींचा गुणाकार, बस. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या 'नेचर'मधल्या लेखाने बॅकप्रोपगेशन गाजवलं, त्याच्या पोटातही हाच गुणाकार आहे. शेवटी आलेली चूक थरांमधून मागे नेत, प्रत्येक वेटमुळे ती किती पट हलते हे काढत जायचं. आज तुम्ही वापरता त्या चॅटबॉटचं ट्रेनिंगही याच हिशोबावर चालतं. स्कूटरच्या जागी अब्जावधी वेट, इतकाच फरक.

परीक्षेबद्दल स्पष्ट सांगायचं तर सूत्रं पाठ करावीच लागतात. मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवून, पद्धती घोटून पास होता येतं आणि केटी टाळायला तो मार्ग वाईट नाही. इंटिग्रेशनमध्ये तर हात बसेपर्यंत गणितं करण्याला पर्यायच नाही, रिडक्शन फॉर्म्युले समजून घेण्यात मजा असली तरी वेळ हातालाच द्यावा लागतो. फक्त प्रत्येक प्रकारातलं एक गणित आकडे घालून तपासा. उत्तर आलं की इनपुट ०.०१ ने ढकला आणि आउटपुट तितकं हलतंय का बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि चिन्हाची चूक तिथेच पकडली जाते.

पार्शल डेरिव्हेटिव्हमधला 'एरर्स अँड अप्रॉक्झिमेशन्स' हा भाग बरेच जण ऑप्शनला टाकतात. तो टाकू नका, कारण तिथे हे सगळं एकत्र वापरायला मिळतं. गच्चीवरची हजार लिटरची दंडगोल टाकी घ्या. आकारमान म्हणजे पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची. उंची मोजताना एक टक्का चूक झाली तर आकारमानात एक टक्का, म्हणजे १० लिटरची चूक. त्रिज्येत एक टक्का चुकलात तर साधारण दोन टक्के, २० लिटर. टेप उंचीला जरा तिरकी धरली तरी चालेल, आडवी मात्र नीट धरा. टाकी चेंडूसारखी गोल असेल तर त्रिज्येतल्या एक टक्क्याने किती लिटर चुकतील, ते तुम्ही काढा.