प्रयोगशाळा, न्यायालय आणि लहरींची वांटणी

नभोवाणीचा कांटा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यावर फिरविला म्हणजे जें स्वच्छ गायन ऐकूं येतें, त्याचें मूळ एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन एंजिनियराच्या संशोधनांत आहे. त्याच्या आयुष्याचा पुष्कळसा काळ मात्र न्यायालयांत आणि सरकारी मंडळापुढें खर्ची पडला.

१९१२ सालीं, कोलंबिया विद्यापीठांत शिकत असतांना, त्याच्या ध्यानांत आलें कीं, निर्वात नळींतून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा कांहीं अंश फिरून तिच्या प्रवेशद्वाराशीं आणून सोडला, तर क्षीण संदेश कितीतरी पटींनीं बळावतो. ती आकृति त्यानें ३१ जानेवारी १९१३ रोजीं नोटरीकडून साक्षांकित करून घेतली. परंतु त्या नळीचा जनक ली डी फॉरेस्ट यानें, हेंच आपण १९१२ च्या ऑगस्टांत केलें होतें, असा दावा मांडला. खटला वर्षानुवर्षें चालला आणि १९३४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें डी फॉरेस्टच्या बाजूनें निकाल दिला. न्यायमूर्ति कार्डोझो हे थोर विधिज्ञ; तरी निकालपत्राचा मजकूर त्यांना मागाहून दुरुस्त करावा लागला. निकाल तोच राहिला. कायद्यापुढील प्रश्न 'प्रथम कोणास सुचलें' हा होता. एंजिनियर विचारीत होते, 'प्रथम कोणास समजलें?' आर्मस्ट्राँग १९१७ सालीं मिळालेलें सन्मानपदक परत करूं लागला, तेव्हां रेडिओ एंजिनियरांच्या संस्थेनें तें घेण्याचें साफ नाकारलें.

१९३३ सालीं त्यानें दुसऱ्या शोधाचीं पेटंटें मिळविलीं. पूर्वीच्या पद्धतींत आवाजाप्रमाणें लहरीची उंची बदलते. वीज चमकली कीं तीहि त्या उंचींतच ढवळाढवळ करते, म्हणून खरखर. आर्मस्ट्राँगनें उंची कायम ठेवून कंपनसंख्या बदलविली.

लहरींचा पट्टा मर्यादित असल्यामुळें त्याची वांटणी करणारें मंडळ हवेंच. नाहींतर एकाच जागीं दोघे बोलूं लागतील व कोणाचेंच ऐकूं येणार नाहीं. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननें १९४० सालीं या पद्धतीस ४२ ते ५० मेगाहर्ट्झ हा पट्टा दिला आणि १९४५ सालीं ८८ ते १०८ वर हलविला. सूर्यावरील डागांच्या काळांत दूरच्या केंद्रांच्या लहरी परावर्तित होऊन घोटाळा करतील, अशी भीति सांगण्यांत आली. ती अगदींच निराधार होती असें मी म्हणणार नाहीं. पण आर्मस्ट्राँगची हरकत बाजूस सारली गेली आणि लोकांनीं पैसे मोजून घेतलेले लाखो संच एका हुकुमानें निकामी ठरले. नवे संच व नवीं प्रक्षेपणयंत्रें यांचा खर्च कोणी सोसावयाचा, याचें उत्तर हुकुमांत नव्हतें.

१९४८ सालीं त्यानें आर.सी.ए. कंपनीवर पेटंटभंगाचा दावा लावला. पैसा व प्रकृति दोन्ही खचलीं. १९५४ च्या जानेवारीअखेर त्यानें आपल्या हातानें आयुष्य संपविलें. पत्नी मॅरियन हिनें दावे पुढें चालविले, आर.सी.ए. नें त्याच वर्षीं सुमारें दहा लक्ष डॉलर देऊन तडजोड केली आणि शेवटचा, मोटोरोलाविरुद्धचा दावा तिनें १९६७ सालीं जिंकला.