दोन फुलदाण्या आणि एक प्रार्थना

चिनी मातीची कपबशी नाहीं असें घर आमच्या वाचकांत क्वचितच सांपडेल. रोज विसळून फळीवर ठेवावयाची ही वस्तु. तिच्यापायीं एखाद्या सुविद्य गृहस्थानें आपलें आयुष्य व संपत्ति कां वेंचावी, असें आपणांस सहज वाटेल. त्याचें उत्तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ९५ क्रमांकाच्या दालनांत मिळतें. तेथें चिनी मातीच्या सुमारें १,७०० वस्तू मांडिल्या आहेत. त्यांतील बहुतेक ज्यांनीं जमविल्या, ते सर पर्सिव्हल डेव्हिड इ. स. १८९२ मध्यें आपल्या मुंबईंतच जन्मले. बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकीं एक सर ससून डेव्हिड हे त्यांचे वडील.

१९१२ सालीं चीनमधील राजसत्ता संपुष्टांत आली आणि राजवाड्यांतील पुष्कळ मौल्यवान चीजवस्तु हळूहळू बाहेर येऊं लागली. ती खरेदी करणारे धनिक पाश्चात्य देशांत कमी नव्हते. डेव्हिड यांचें वैशिष्ट्य हें कीं, घाट व रंग यांवर लुब्ध होऊन ते थांबले नाहींत. ते चिनी भाषा शिकले, जुने ग्रंथ त्यांनीं अभ्यासिले, आणि जिच्यावर कांहीं लेख आहे अशी वस्तु ते आवर्जून मिळवीत.

या संग्रहाचा शिरोमणि म्हणजे निळ्या नक्षीच्या दोन पांढऱ्या फुलदाण्या. उंची सुमारें दोन फूट. अंगावर मेघांतून झेपावणारा ड्रॅगन. कानांच्या जागीं हत्तींचीं मुखें. जिंगदेझेन येथील भट्टींत त्या भाजल्या. पुढें त्या एकमेकींपासून दुरावल्या. डेव्हिड यांनीं निरनिराळ्या ठिकाणांहून मिळवून जोडी पुन्हां जमविली.

त्यांच्या मानेवर लेख आहे. त्याचा आशय असा: झांग वेनजिन नांवाच्या भाविकानें इ. स. १३५१ मध्यें एक धूपदाणी व दोन फुलदाण्या देवस्थानास अर्पण केल्या. सर्व कुटुंबाचें रक्षण व्हावें आणि मुलाबाळांस सुखशांति लाभावी, एवढेंच त्याचें मागणें.

असें निळें काम १३६८ मध्यें सुरू झालेल्या मिंग राजवटीपूर्वीं पूर्णत्वास पोंचलें नव्हतें, असा तोंपर्यंत विद्वानांचा समज होता. ब्रिटिश म्युझियमचे आर. एल. हॉब्सन यांनीं १९२९ सालीं हा लेख प्रसिद्ध केला आणि तो समज डळमळला. पुढें जॉन पोप या अमेरिकन संशोधकानें हाच दाखला धरून इस्तंबूल व अर्दबील येथील तशा भांड्यांचा काळ ठरविला.

तथापि झांगनें ती तिथि विद्वानांसाठीं घातली नव्हती. देवापुढील वस्तु परदेशींच्या कपाटांत कां असावी, हा प्रश्न न्याय्य आहे. २०२४ सालीं डेव्हिड यांच्या विश्वस्त संस्थेनें हा संग्रह कायमचा म्युझियमला देण्याचें जाहीर केलें, तेव्हांपासून तो अधिकच टोंचतो. जमविणाऱ्याच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, लेख वाचणारा भेटला नसता तर त्या भाविकाचें नांवही आज कोणास ठाऊक नसतें. मात्र वाचल्यावर ऋण माथीं येतें: ही केवळ शोभेची वस्तु नव्हे, हें पाहणाऱ्यास सांगितलेंच पाहिजे. तिसरी वस्तु, ती धूपदाणी, अद्यापि सांपडलेली नाहीं.

आपल्याही माळ्यावर पणजीच्या नांवाचें एखादें तांब्यापितळेचें भांडें पडलेलें असेल. तें मोडींत घालण्यापूर्वीं त्यावरील अक्षरें एकदां मुलांकडून वाचून घ्यावीं, एवढीच आमची विनंति.